मालक आणि बॅलन्सचा दांडा

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी मनगटाकडे. पदमपुऱ्यातल्या त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने बघायला मी गेलो, तेव्हा दार उघडून त्यांनी माझं डावं मनगट न्याहाळलं. तिथे बॅटरीचं घड्याळ होतं. त्यांचा चेहरा असा पडला की खोल्या काही मिळत नाहीत, असं मी मनाशी धरूनच टाकलं. नोकरी कुठे, माणसं किती, गाव कुठलं आणि मग आडवळणाने आडनावाच्या मागे काय, या सगळ्याची उत्तरं मी घोकून गेलो होतो. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"घरात कुणाचं चावीचं घड्याळ हाय का?"

"वडिलांचं आहे," मी म्हणालो.

"चालतं?"

"चालतं."

"मग सामान कधी आणता?"

भाडं किती, पाणी कधी येतं, हे मीच विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही जांभई देत. घड्याळ बघून भाडेकरू ठेवणारा हा माणूस शहाणा की खुळा, या घोळात मी पडलो तो त्या दिवशी. अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

पशुसंवर्धन खात्यात गावोगाव हिंडून जनावरांना लस टोचण्यात मालकांची सगळी नोकरी सरली होती. सिल्लोडपासून पैठणपर्यंत कुठल्या घराच्या दावणीला काय बांधलेलं होतं हे त्यांना पाठ. माणसं त्यांना जनावरांवरूनच आठवत. "तो नाय का, ज्याची म्हैस पाण्यात बसली की उठायची नाय," असं ते सांगत आणि आपण लगेच ओळखावं अशी त्यांची अपेक्षा असे. आपण ओळखलं नाही तर आपल्या शिक्षणाबद्दल त्यांना शंका येई.

निवृत्त झाल्यावर हिंडायची सवय सुटेना आणि टोचायला जनावर उरलं नाही, म्हणून ते जुन्या चावीच्या घड्याळांच्या सुट्या भागांमागे लागले असावेत, असा माझा आपला तर्क. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "जनावराला नवा पाय बसवता येत नाय. घड्याळाला येतो." यापुढे तो विषय त्यांच्याकडून बंद.

आता कुणालाही वाटेल, हे घड्याळं दुरुस्त करत असतील. तर तसं अजिबात नव्हतं. बैलांच्या मानेत सुया खुपसून घडलेले ते हात. चिमट्यात स्क्रू धरला की तो उडून कॉटखाली जायचा आणि मग आम्ही सगळे खोलीत रांगत असायचो. दुरुस्ती करायचे शहागंजातले एक चाचा. मालकांचं काम फक्त भाग शोधून आणण्याचं. स्वतःच्या मनगटावर घड्याळ नाही, घरात भिंतीवर नाही. दिवसातून कैक वेळा ते जिन्याखालून ओरडायचे, "किती वाजले रे?" आणि मी जे सांगेन त्यावर विश्वास न ठेवता शेजाऱ्यालाही विचारायचे.

चाचा त्यांना पुरते वैतागले होते. मला बघितलं की हात जोडत. "एक पुर्जे के पीछे तीन तालुके फिरते ये तुम्हारे मालक. मैं बोला, नवी घडी लेव ना मियाँ, कायकू परेशान होते? तो मेरेकूच डाँटते." आणि तरीही मालकांनी आणलेला भाग ते हातातलं काम बाजूला सारून आधी बसवत. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

या जुन्या घड्याळांचे नवे भाग आता कुठे बनत नाहीत. एक बंद पडलेलं घड्याळ फोडायचं आणि त्यातलं काढून दुसऱ्यात घालायचं, हाच सगळीकडचा रिवाज. चाचा भंगारवाल्याकडून बंद घड्याळांची पिशवीच उचलत. मालकांना ते पटत नसे. "कुणाच्या घरचं हाय, माहीत नाय. कामून बंद पडलं, माहीत नाय. असं बेवारशी कसं घ्यायचं?" त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती आणि ती रीत मला आजही धड समजावून सांगता येत नाही, पण प्रयत्न करतो.

सकाळी पेपर आला की मालक आधी निधनवार्ता वाचत. ओळखीचा कुणी म्हातारा गेलेला दिसला की "अरेरे" म्हणत आणि लगेच, "त्याच्याकडं चावीचं होतं," असं म्हणत. ही दोन्ही वाक्यं ते सारख्याच दुःखाने म्हणत, त्यामुळे दुःख कशाचं हे कळायचं नाही. मग सुतक फिटू देत, आणखी काही महिने जाऊ देत, आणि नारळ, पेढे, टॉवेल-टोपी पिशवीत घालून त्या घरी जात. एकटे नाही. ज्याच्या घड्याळाला भाग हवा असेल त्यालाही घेऊन. भाग त्याने स्वतः मागायचा. घरच्यांनी होकार दिला की चाचांनी घड्याळ उघडायचं, लागतो तेवढाच एक भाग काढून घ्यायचा आणि बाकीचं घड्याळ जसंच्या तसं त्या घरी परत नेऊन द्यायचं. आणि या सगळ्याच्या वरती एक नियम, ज्यात कधीही फेरफार नाही. घड्याळ बंदच असलं पाहिजे. चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही.

सिल्लोडला कापसाचे एक मुसलमान व्यापारी वारले, तेव्हा त्यांच्या मुलांनी मालकांपुढे वडिलांचं घड्याळ रुमालात बांधून ठेवलं. पूर्ण घेऊन जा म्हणाले. मालकांनी त्यातला एक स्क्रू घेतला. पुढे वर्षभर सिल्लोडला गेले की त्या घरी डोकवायचे आणि सांगायचे, "तुमच्या अब्बांच्या स्क्रूचं बरं चाललंय. सध्या कन्नडला हाय, एका मास्तरकडं." ती माणसंही गंभीरपणे ऐकून घेत आणि चहा पाजत. मी एकदा सोबत होतो. निघताना थोरला मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, इनको अच्छा लगता है, हमको भी लगता है. मगर ये है क्या?" मी काय सांगणार, कपाळ?

हे सगळं मी मजेने बघत होतो, तोवर ठीक होतं. मग अण्णांचं घड्याळ बंद पडलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली आणि शेवटी उजेड-अंधारही कळेनासा झाला. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. सकाळी जाग आली की उशाचं घड्याळ घ्यायचं, चावी द्यायची, कानाला लावायचं, "चाललंय" असं स्वतःशी म्हणायचं आणि पाय जमिनीवर ठेवायचे. काटे दिसत नव्हते, तेव्हा वेळेशी त्याचा काही संबंध नव्हता. चावी दिली की सकाळ झाली, एवढंच. त्यानंतर दाढी, चहा, गॅलरीतली खुर्ची, गल्लीतल्या प्रत्येकाला आवाजावरून हाक.

एकदा न्हाणीत ते घड्याळ फरशीवर पडलं. घड्याळाच्या पोटात बॅलन्स नावाचं एक चाक सारखं मागेपुढे डुलत असतं, टिकटिक त्याचीच. ते चाक ज्या दांड्यावर डुलतं, त्याचं सुईहून बारीक टोक मोडलं. चाचांनी भिंगातून बघून मान हलवली. सुरुवातीच्या मालातलं घड्याळ, त्याचा दांडा पुढच्या घड्याळांच्या दांड्यांहून वेगळा. मिळणं मुश्किल.

अण्णा उठेनासे झाले. म्हणजे जागे असायचे, पडून. "सकाळ झाली का?" विचारायचे. मी म्हणायचो, झाली. ते म्हणायचे, "तू म्हणतोस म्हणून," आणि भिंतीकडे तोंड करायचे. मी वेळ बोलून सांगणारं घड्याळ आणलं. ते तासातासाला एका बाईच्या आवाजात बोलू लागलं. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "त्या बाईला गप कर." मग मोबाइलवर शोधून त्यांच्याच बनावटीचं एक घड्याळ मागवलं. वरून नवंकोरं रंगवलेलं आणि आत तीन घड्याळांची खिचडी. अण्णांनी कानाला लावलं आणि म्हणाले, "हे पळायलंय कुठंतरी." आठवडा जायच्या आत ते बंदही पडलं. डॉक्टरांनी छाती तपासून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, या वयात अंथरूण धरलं की माणूस उठत नाही, काहीही करून त्यांना उभं करा.

मालक वर आले, अण्णांचं घड्याळ दोन्ही हातांत घेऊन बसले. "अण्णा, घाबरायचं नाय. ह्याच कळपातलं एखादं सापडंलच."

"लवकर बघा, मालक," अण्णा म्हणाले. "मला सकाळ कळंना झालीय."

मालक त्यानंतर रोज बाहेर पडू लागले. दौलताबाद, कन्नड, फुलंब्री, कुठे कुठे. संध्याकाळी जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की माझी बायको हातातलं काम सोडून दाराशी यायची. ते फक्त मान हलवायचे आणि खाली जायचे. कधी एखादा दांडा आणायचेही, चाचा तो लावून बघायचे, तो बसायचा नाही, आणि मालक दुसऱ्या दिवशी तो दांडा परत करायला त्याच गावी जायचे. परत कशाला करायचा, पडू द्या डब्यात, असं मी म्हटलं तर माझ्याकडे असे बघायचे की जणू मी कुणाचं वासरू पळवायला सांगितलंय.

शेवटी त्यांना बिडकीनचा एक शेतकरी आठवला. अर्थात बैलजोडीवरून. तो दोनेक वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याच्याकडे हेच घड्याळ, याच मालातलं, मालकांनी स्वतः बघितलेलं. मालकांनी त्याच्या धाकट्या मुलाला फोन केला. "रविवारी येतो. कामाचं हाय, फोनवर बोलण्यासारखं नाय," एवढं बोलून ठेवून दिला. मला म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट घाल. मागायला जायचंय, गबाळं दिसायचं नाय."

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई सुरू झालेली. मोटारसायकलवर मी पुढे, मालक मागे, आमच्या मधे ती पिशवी.

घर मोठं, नवं, अंगणात फरशी घातलेली. आत पांढऱ्या कपड्यांत चार-पाच माणसं आधीच बसलेली. मालकांनी पिशवीतून नारळ, पेढे आणि टॉवेल-टोपी काढून तबकात मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेकाने माझी चौकशी सुरू केली. वाळूजला कुठली कंपनी, पर्मनंट का, गावाकडे शेती किती, भाऊ किती. मी आपला खरं खरं सांगत होतो. म्हटलं, चांगली माणसं आहेत, आपुलकीने विचारतात. कोपऱ्यात बसलेली आजी माझ्या डोक्याकडे बघत शेजारच्या बाईला म्हणाली, "पोरगं थोराड दिसतंय जरा." पोहे आले, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मालकांबरोबर हिंडून हिंडून काय विचित्र आणि काय नाही, याचा माझा अंदाजच गेला होता.

मग आतून एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. नवी साडी, तोंडावर वैताग, आणि मनगटावर पुरुषी, जुनं, चावीचं घड्याळ.

मालक ताडकन उठले. "चालू हाय का?"

"काय?" मुलगी म्हणाली.

मालकांनी तिचं मनगट धरलं आणि वाकून त्याला कान लावला. भर बैठकीत. ट्रेमधले कप सरकले. "ओ पाहुणे!" मुलीचे काका, मालकांनी फोन केलेले तेच, गरजले. "हात काय धरायलात पोरीचा? काय रीत हाय का नाय?" सगळे उभे राहिले. मालक डोळे मिटून ऐकतच होते. आणि त्या गोंधळात मला एकदम सगळं लख्ख दिसलं, नारळ, पेढे, इस्त्रीचा शर्ट. मी ओरडलो, "माझं लग्न झालंय! मला मुलगी आहे!"

याने गोष्टी सुधारल्या नाहीत. काकांनी माझी कॉलर धरली. सगळं उलगडून सांगेपर्यंत मला घाम फुटला. घड्याळ, दांडा, अण्णा, सकाळ. मी सांगत गेलो तसतशी ती माणसं जास्तच बुचकळ्यात पडली. शेवटी आजीने कपाळावर हात मारला. "घड्याळासाठी आलेत व्हय हे! आन् म्या कालपास्नं लाडू वळायले!"

सगळ्यात आधी हसली ती मुलगी. ती तिकडच्याच नव्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कामाला होती आणि लग्नाचा तिचा काही विचार नव्हता, त्यामुळे तिच्या दृष्टीने ही बैठक फारच छान पार पडली. तिने अण्णांबद्दल नीट विचारून घेतलं. ऐकता ऐकता तिचं हसू गेलं. तिने घड्याळ मनगटावरून काढून मालकांपुढे धरलं. "घ्या. काढा, काय लागतं ते."

मालकांनी दोन्ही हात मागे घेतले. "नाय पोरी. हे चालतंय."

"अहो, मी देतेय ना."

"तू देशील. पण घड्याळानं काय केलंय? चालत्याला हात लावत नाय मी."

मला वाटलं, हे थोडे आढेवेढे असतील. नव्हते. मालकांनी पेढे सगळ्यांना वाटले आणि निघाले. आजीने मला रिकामं जाऊ दिलं नाही, आम्हीच नेलेली टोपी माझ्या डोक्यावर घातली आणि लाडूंचा डबा दिला. तशी टोपी घालून मी पैठण रोडला गाडी चालवत होतो आणि आतून पेटलो होतो. चितेगावच्या अलीकडे मी गाडी थांबवली.

"मालक, दांडा समोर होता. मुलगी स्वतः देत होती. तिकडे माझा बाप पडून पडून संपत चाललाय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

"एकाला उठवायला दुसऱ्याला पाडायचं, हे मला जमत नाय रे. मी काय करू, तूच सांग." आणि खाली उतरून, रिकामी पिशवी काखेत मारून, ते शहराकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपला हात करून निघूनही गेले. मी टोपी घालून तिथेच उभा. त्यांना शिव्या घालाव्यात एवढा राग आला होता, आणि त्यांचं चुकलं म्हणावं तर कुठे चुकलं ते सापडत नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते रोज सकाळी बाहेर पडत होतेच. अण्णा आता पडल्या पडल्या दोन घास खायचे आणि पुरे म्हणायचे. त्यांचे पाय हातात घेतले की हलके लागायला लागले होते. मी घाबरलो होतो. बायको रात्री उठून त्यांचा श्वास ऐकून यायची.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी दुपारी दारात ती बिडकीनची मुलगी उभी. काकांकडून पत्ता घेऊन स्कूटीवर आली होती. मालक गावाला गेलेले. ती सरळ अण्णांच्या कॉटवर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि मनगटावर घड्याळ बांधलं.

अण्णांनी अंगठ्याने चावी चाचपली, काच चाचपली, हात कानाशी नेला. "हे माझं नाय."

"नाही," ती म्हणाली. "माझ्या आजोबांचं आहे."

"मग मला कामून बांधलं?"

"आजोबा, माझी सकाळची ड्युटी असते. पळापळीत चावी द्यायची राहून जाते आणि ते बंद पडतं. तुम्ही देत जाल का?"

अण्णांनी पुन्हा एकदा चावी चाचपली. मग ते म्हणाले, "किती वाजता द्यायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटची करकर ऐकू आली. बायकोने कुकरखालचा गॅस बंद केला, ऐकू यावं म्हणून. आतून अण्णांचा आवाज आला, "चाललंय," आणि मग पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज. ते भिंत धरून बाहेर आले आणि म्हणाले, "लोकाचं घड्याळ हाय. झोपून कसं चालंल?" मला इतका आनंद झाला की मी कंपनीची बस सोडून दिली आणि त्यांची दाढी करत बसलो.

मालकांना आम्ही सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं वाटलं होतं. ते कोड्यात पडले. खाली गेले, वर आले, परत खाली गेले. "भाग दिला नाय, घड्याळ दिलं नाय, इकलं नाय, मोडलं नाय. मग ह्याला म्हणायचं काय?" इतकी वर्षं हिंडून असं काही करता येतं हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं आणि ते त्यांना लागलं असावं. संध्याकाळी वर आले ते तोडगा घेऊनच. गावाकडे शेळी दुसऱ्याला सांभाळायला देतात आणि पिल्लं निम्मी निम्मी वाटून घेतात, त्याला अर्धलीनं देणं म्हणतात. "हे अर्धलीनं दिलंय असं धरू," मालक म्हणाले.

"आन् पिल्लं झाल्यावर कशी वाटायची?" अण्णांनी खुर्चीतून विचारलं. कितीतरी महिन्यांनी ते कुणाची तरी फिरकी घेत होते. मालक हसले नाहीत. त्यांनी त्यावर विचार केला.

अण्णा त्यानंतर वर्षभराहून थोडे जास्त जगले. रोज चावी, रोज गॅलरी. ती मुलगी फोन करायची आणि अण्णा तिला तिच्या घड्याळाची खुशाली सांगायचे. मालकांशी माझं बोलणं आपोआप सुरू झालं. एका सकाळी करकर ऐकू आली नाही. मी आत गेलो, तर अण्णा झोपेतच गेलेले. मी हाक मारली आणि सगळ्यात आधी मालक वर आले. त्यांनी अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग मनगटावरचं घड्याळ हळूच सोडवलं, कानाला लावलं आणि चावी दिली. "लोकाचं हाय," ते रडत म्हणाले. "थांबता कामा नये." मला तोवर रडू आलं नव्हतं, ते तेव्हा फुटलं.

दहाव्याला पैठणला ती मुलगी आली होती. मालकांनी तिचं घड्याळ तिच्या हातावर बांधलं. तेही चालतं.

त्यानंतर मी वाट बघू लागलो, मालक आता मागतील म्हणून. म्हातारा गेला, घड्याळ बंद, सुतक फिटलेलं. दांडा सोडला तर अण्णांच्या घड्याळातलं सगळं धड होतं. सबंध जिल्ह्यात ज्यांनी दारोदार जाऊन मागितलं, त्यांनी माझ्याकडे मागू नये? महिने गेले. ते जिन्यात भेटायचे, पाण्याच्या मोटारीबद्दल बोलायचे. मला वाटलं, संकोच करत असतील. एक दिवस मीच घड्याळ घेऊन खाली गेलो.

"मालक, हे ठेवा. बंदच आहे. कुणाच्या तरी कामी येईल."

ते एकदम उसळले. "बंद? कोण म्हणतं बंद? हे दुरुस्तीला आलंय माझ्याकडं."

मी गोंधळलो. "अहो, पण अण्णा गेले."

"मला सांगायलास? खांदा दिलाय म्या. पण अण्णा मला 'लवकर बघा' म्हणले व्हते. 'राहू द्या' म्हणले नव्हते. जनावर दवाखान्यात बांधलेलं असलं आन् धनी मेला, तर सुई खाली ठेवायची व्हय?"

त्यांनी घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं, सदऱ्याच्या खिशात घातलं, वरून खिशावर हात ठेवून खात्री केली आणि चपला घालून सिल्लोडच्या बसला गेले. मेलेल्या माणसाच्या घड्याळासाठी हा माणूस अजून दांडा शोधतोय, कुणासाठी, कशासाठी, मला काही कळेना. फक्त एवढं कळलं की अण्णांना गमावल्यापासून मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मालकांना तो दांडा मिळाला नाही. तेही गेले, घर त्यांच्या मुलीने विकलं, आम्ही याच शहरातल्या सातारा परिसरात राहायला आलो. मालक गेल्यापासून घड्याळ चाचांच्या खणात आहे. परवा माझ्या मुलीने विचारलं, आजोबांचं घड्याळ कुठे आहे. मी सांगितलं, दुरुस्तीला दिलंय.